दुसऱ्या मजल्यावरची टोपली

टोपली माझी, कांदे मी मागितलेले, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक हात बाहेर आला नि टोपलीच आत घेऊन गेला…

ओमानमधल्या इब्रा गावातला माझा तो दुसरा दिवस. आमच्या गावी, मन्सूरात, भाजीसाठी कुणी जिने उतरत नाही. दोरीला टोपली बांधायची, खाली सोडायची आणि दुकानदाराला हाक मारायची. ओमानला निघताना आईनं ही टोपली स्वतःच्या हातानं माझ्या बॅगेत कोंबली होती. मी ती दुसऱ्या मजल्यावरून सोडली आणि दणदणीत आवाजात दोन किलो कांदे मागितले. खालचा दुकानदार मोइदू केरळचा. असला प्रकार त्यानं जन्मात पाहिला नव्हता. हातात झाडू धरून तो नुसता वर बघत राहिला.

तेवढ्यात तो हात. मग दोरीला दोन हिसके बसले. वर ओढलं तर आत चार कांदे आणि एक चिठ्ठी — ‘या गावात टोपली सोडत नाहीत. पण कांदे सगळ्यांनाच लागतात. नौफेल, भूगोल, मुलांची शाळा.’

मी वाकून पाहिलं. दिसलं फक्त डोकं, मधोमध केस जरा विरळ.

“सर, मी दोन किलो मागितले होते.”

“मी दुकानदार नाही, बाई. ट्युनिशियाचा आहे, शेजारी आहे.” डोकं काही वर झालं नाही. “आणि आवाज जरा कमी करा. पलीकडच्या गल्लीतूनही कुणीतरी कांदे घेऊन निघालंय.”

चोवीस वर्षांची मी, पहिलीच नोकरी, तीही परदेशात. आईची अट होती, जानेवारीच्या सुट्टीपर्यंत बघ. रमलीस तर सुट्टीला छोटी बॅग घेऊन ये, नाही रमलीस तर मोठी बॅग भरून कायमची ये. कायमची आल्यावर माझं काय करायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. आमच्या गल्लीतला औषधवाला — सज्जन, देखणा आणि भयंकर कंटाळवाणा. मी हसून अट मान्य केली. मी रडत घरी येणाऱ्यातली नव्हेच.

वर्गानं मात्र मला पार गार केलं. सातवीच्या तीस मुली, पांढऱ्या ओढण्या, खाली घातलेल्या माना. मी लहान असताना आमचा वर्ग म्हणजे भरलेला बाजार असायचा. इथं प्रश्न विचारला की पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यायची. ऋण संख्या शिकवत होते मी, आणि महिनाभर एकीनं तोंड उघडलं नाही. मी त्यांना आवडत नाही असं वाटायला लागलं. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू?

शेवटी एका संध्याकाळी टोपलीतून नौफेलकडे गरम तामिया, आमच्याकडचे कडधान्याचे वडे, खाली गेले, सोबत माझं रडगाणं. वर आली लाल मिरचीच्या वाटणाची बाटली आणि एक ओळ — ‘आधी आवाज खाली सोडा. मुली आपोआप वर येतील.’

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी टोपलीच शाळेत नेली. वरच्या व्हरांड्यातून अंगणात सोडली आणि अगदी हळू विचारलं, “जमीन म्हणजे शून्य. आता टोपली किती वर आहे?” मग शम्सा नावाची एक मुलगी पुटपुटली, “बाई, आमच्या आजीच्या विहिरीत सोडली तर?”

“तर किती?”

“वजा नऊ.”

“आमची वजा अकरा,” लगेच मागून दुसरी म्हणाली. मग काय… प्रत्येकीची विहीर शेजारणीच्या विहिरीपेक्षा खोल निघाली. तास संपल्याची घंटासुद्धा कुणी ऐकली नाही.

त्यानंतर टोपली रोज जायला लागली. त्याच्याकडून खजूर, खडू, एकदा हातानं काढलेला गावाचा नकाशा. माझ्याकडून मसुराचं सूप आणि वर्गातल्या गमती. डिसेंबरात एका सकाळी पाऊस आला. गावाजवळच्या वादीला, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, पूर आला म्हणून शाळा बंद, सारं गाव पाणी बघायला निघालेलं. मी टोपली सोडली तर त्यानं तिच्यावर छत्री धरली, आणि स्वतः चिंब भिजत चोरून न बघता पहिल्यांदाच सरळ वर पाहिलं.

“तुमचा चेहरा मी आजवर उलटाच पाहिलाय,” तो म्हणाला. “सुलटा कसा असेल, याचा विचार करत असतो.”

“भूगोलाचे सर ना तुम्ही? नकाशा फिरवून बघायचा.”

उत्तर मी तोऱ्यात दिलं खरं… पण दोरी हातातून वीतभर सटकली.

मग एक दिवस मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. जुवैनाबाई शांत बाई. कॉफी ओतली, खजूर पुढे केले. सुट्टीआधी तुझ्याबद्दल शेरा लिहून पाठवायचाय, म्हणाल्या. “वर्गातली टोपली मी त्यात आनंदानं लिहीन. गॅलरीतली लिहायला लावू नकोस. गावभर झालीय ती.”

नौफेलला मी हे कळवलं. उत्तर लगेच आलं — ‘तुमची पहिली नोकरी माझ्यापायी जायला नको. उद्यापासून टोपली थेट मोइदूकडे सोडा.’ आणि त्याच्या गॅलरीचं दार बंद झालं.

मोइदू एव्हाना तरबेज झाला होता. दोन किलो मागितले की बरोबर दोन किलो, वर एक चिठोरासुद्धा नाही. दहाव्या दिवशी त्या कांद्यांसमोर बसून मी रडले. आणि कांदे अजून चिरलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मोठी बॅग की छोटी? औषधवाल्याच्या आईला काय सांगू? थोड्या वेळात सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. मग कागद घेतला.

तिसऱ्या प्रहरची नमाज संपवून माणसं मोइदूच्या दारात चहाला थांबली होती. मोठ्या बाईही तिथंच खजूर निवडत होत्या. मी टोपली सोडली, पहिल्या मजल्यापाशी थांबवली आणि मन्सूराच्या आवाजात हाक मारली, “नौफेल.” पुढे सर लावलं नाही.

दार उघडलं. “सगळे बघतायत,” तो कुजबुजला.

“बघू देत. लपूनछपून करायचं असतं तर जिना होता की. चिठ्ठी वाच.”

चिठ्ठीत आईचा फोन नंबर होता. खाली लिहिलं होतं — ‘तिकडे आत्ता दीड वाजलाय. आई मुलुखियाची पातळ भाजी ढवळत असेल, त्या वेळी ती खुशीत असते. मला तू आवडतोस. फोन करायचा नसेल तर टोपली रिकामी सोडून दे, मी मोठी बॅग भरते.’

त्यानं ती दोनदा वाचली. मग वर पाहिलं.

“आईंना काय सांगू?”

“खरं ते सांग.”

“खरं सांगायचं तर त्या पहिल्या चार कांद्यांपासून सांगावं लागेल.”

“मग तिथपासून सांग,” मी म्हटलं. माझा आवाज आपोआपच खाली आला होता.

त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. खाली कुणीच चहा पीत नव्हतं. बऱ्याच वेळानं दोरीला दोन हिसके बसले. वर ओढलेल्या टोपलीत एक कागद होता, त्यावर त्याच्या आईचा नंबर. “आता शेरा लिहिता येईल,” मोठ्या बाई मोइदूला म्हणाल्या आणि खजुराची पिशवी घेऊन चालू लागल्या.

पाठोपाठ माझा फोन वाजला.

“मुलाचं ट्युनिशियाचं बोलणं निम्मं कळलं नाही,” आई म्हणाली. “पण कांद्यांचं सगळं कळलं.” मग पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. “छोटी बॅग आण, नशवा.”

“बरं.”

“आणि टोपली आणू नकोस. तिथं लागेल.”