माळ्यावरचा ओटीपी

महेश्वरीची आणि त्याची पहिली भेट झाली ती जमिनीपासून उंच, वाऱ्यावर, आणि तीही नुसत्या आवाजाची.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यात आली होती. पाखरं हाकायला रानाच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधलेला, त्यावर महेश्वरी गोफण घेऊन बसली होती. धुकं अजून कणसांवरून उठलं नव्हतं, आणि तिच्या मांडीवर श्रीशैल सरांचा फोन वाजत होता. कमी पाण्यावर तग धरणाऱ्या ज्वारीवर सरांचं संशोधन चाललेलं, दिल्लीच्या अनुदानातून, आणि नुकतीच एम.एस्सी. झालेली महेश्वरी त्यांची मदतनीस. सरांना फोन म्हणजे नसती कटकट. त्यात रेंज मिळायची ती फक्त माळ्यावर, म्हणून त्यांनी तो तिच्याच गळ्यात घातला होता.

"नमस्कार... ओटीपी सांगता का जरा?" पलीकडून आवाज आला.

आता असं कुणी विचारलं तर शहाणी मुलगी काय करील? महेश्वरीने त्याची अशी खरडपट्टी काढली, की गोफण न फिरवताच चार पाखरं उडाली असतील. लुबाडायचे धंदे सोडा, कष्ट करून खा, आईबापाला काय वाटत असेल... तो बिचारा सगळं ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, मी सोलापूरहून नंदीश, सरांच्या कॉलेजातल्या संशोधन विभागातून बोलतोय. तिमाहीचा प्रगती अहवाल पोर्टलवर भरतोय, आज शेवटची तारीख. अहवाल पाठवायला गेलं की ओटीपी सरांच्या फोनवर जातो, आणि दहा मिनिटांत मरतो.

"कशावरून खरं?"

पलीकडून कीबोर्डची खटखट ऐकू आली.

"तुमी पाठवलेली माहिती समोर आहे माझ्या," तो हळूच म्हणाला. "पाखरांनी केलेलं नुकसान – एक वाफा. कारण – पिल्लं होती, गोफण मारवेना."

अगं बाई! घाईत टाइप केलेलं तसंच गेलं होतं तर. महेश्वरीचे कान तापले. हे दिल्लीला पाठवलंत की काय, तिने विचारलं.

"नाही. तिथं 'पक्ष्यांमुळे नुकसान' एवढंच घातलं. हे... माझ्याकडंच ठेवलं."

तिने मुकाट्याने सहा आकडे सांगितले.

मग दर तिमाहीला फोन येऊ लागला. आकडे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण तो विचारायचा, आज कुठली पाखरं आलीत? ती विचारायची, तुमच्या सोलापुरात ऊन किती? तो म्हणायचा, शेंगाचटणी आमच्याकडं आहे, हुरडा तुमच्याकडं, कसं जमायचं? तेवढ्यात ओटीपीची मुदत संपायची. "अय्यो, मेला की!" तो अक्कलकोटच्या कानडी सुरात म्हणायचा, आणि नवा मागवायचा. एकदा तर तीन ओटीपी असे वाया गेले, आणि त्याचं दोघांनाही काडीचं वाईट वाटलं नाही.

रान कापून झालं तरी माळा तिने मोडू दिला नाही. अहवालाच्या दिवशी ती वेणी नीट घालायची, ठेवणीतला ड्रेस घालायची आणि माळ्यावर चढायची. बघायला कोण? तर साळुंक्या. सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "कुणाचं लग्न आहे का गं आज?" ती म्हणाली, छे. पण हसू काही लपलं नाही.

बघता बघता पुन्हा हुरडा आला, आणि सर म्हणाले, आता हा शेवटचा अहवाल. हा गेला की प्रकल्प संपला. महेश्वरीने माळ्याकडे पाहिलं. सरांचा फोन सरांकडे जाणार, माळा मोडणार, मग तो आवाज कुठून येणार? स्वतःहून नंबर मागायचा तर जीभ रेटत नव्हती. त्यात नेमका त्या दिवशी गावचा टॉवर बंद पडला. अहवाल आज गेला नाही तर सरांचं सगळं काम अर्धवट ठरणार होतं. सरांनी फोन देऊन तिला सोलापूरच्या एसटीत बसवलं. निघताना तिने फडक्यात हुरडा बांधून घेतला.

कॉलेजच्या त्या खोलीच्या दारात ती थबकली. कॉम्प्युटरपुढे एक सावळा तरुण बसला होता, चहा निवून गेलेला, आणि तो पडद्याकडे बघून म्हणत होता, "अय्यो..."

तिला आणखी काही विचारायची गरजच उरली नाही.

"ओटीपी सांगू का?" ती म्हणाली.

तो उठला, तसा अर्धा चहा टेबलावर सांडला. मग दोघं शेजारी बसली, आणि त्याने सांडलेला चहा पुसून नवा ओटीपी मागवला. ओटीपी आला. तिने पाच आकडे सांगितले आणि ती थांबली. सहावा सांगितला की सगळं संपलंच. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक बटण होतं – 'नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदला'.

"हे कधीपासून हाय?" तिच्या तोंडून घरची बोली निसटली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग तुमचाच नंबर का न्हाय घातला? सगळी कटकट मिटली असती की."

"मिटलीच असती..." तो खाली बघत म्हणाला. "मग माळ्यावर फोन कुणाला केला असता?"

पडद्यावर मुदत सरत होती. त्याने घाई केली नाही. हात कीबोर्डवर ठेवून तो तिच्याकडे वळला. "मला तुमी आवडता, महेश्वरी. त्या पिल्लांच्या वाफ्यापासून. आता आकडा सांगा, नाहीतर सरांचं काम बुडेल. तुमचं उत्तर मागाहून दिलंत तरी चालेल."

"सात," ती म्हणाली.

अहवाल गेला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि ती हुरड्याच्या फडक्याची गाठ सोडत राहिली. मग मान वर न करताच तिने आणखी दहा आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून. हा सरांचा नंबर नव्हता. त्याने ते आपल्या फोनमध्ये घातले, आणि दोनदा चुकला.

"ह्याची मुदत किती?" त्याने विचारलं.

तिने हुरडा त्याच्यापुढे सरकवला.

"ह्याला मुदत न्हाय," ती म्हणाली. "शेंगाचटणी काढा आता."