गवती चहाच्या वाफ्यात दोन दिवस

दोन्ही ताटल्या स्वच्छ निघाल्या आणि तिथेच सगळं बिनसलं.

दोन्हींत मी यीस्ट (एकाच पेशीची बुरशी) पेरलं होतं. एकीच्या झाकणाला आतून गवती चहाच्या तेलाचा थेंब लावला, दुसरीला काहीच नाही. दुसरीत तरी पांढरे ठिपके यायलाच हवे होते. एकही नव्हता!

"तेलाशिवायही यीस्ट वाढलं नाही. म्हणजे ते आधीच मेलेलं होतं," नेमके म्हणाला. नेमके हा चंद्रावरच्या आमच्या वसाहतीची बाग सांभाळणारा रोबॉट. नाव आम्हीच ठेवलंय. का, ते कळेलच. "प्रयोग बाद. पाणी कमी आहे, ते खायच्या पिकालाच मिळेल. उद्या सकाळी गवती चहाचा वाफा उपटून तिथे बटाटे लावायचे आहेत."

"हात तर लावून बघ!" मी ओरडले.

मला चहाचं काही पडलेलं नव्हतं. माझी वसुधाआत्या बाहेर सौरपट्ट्या दुरुस्त करते. आठ-आठ तास हातमोज्यांत घाम साचून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. यीस्टला अशी ओल फार आवडते. तिच्या बोटांवरून घेऊन मी ताटल्यांत पेरलेलं हे यीस्ट आता नेहमीच्या मलमाला जुमानत नव्हतं. हात बरे झाले नाहीत तर आत्याला पुढच्या यानाने पृथ्वीवर परत पाठवणार होते.

"केतकी, ताटल्या कुठे ठेवल्या होत्यास?" आत्याने विचारलं.

"पोळ्यांच्या डब्यात. फडक्यात गुंडाळून, एकीवर एक. ऊब टिकते ना!"

आत्याने रिकामा डबा नाकाशी नेला. "अगं, याला अजून गवती चहाचा वास येतोय."

मी कपाळावर हात मारला. वास येतो म्हणजे तेलाचे कण हवेत उडालेले असतात! हे तेल बाष्पनशील (सहज उडून जाणारं) आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात ते शेजारच्या ताटलीतही शिरलं होतं. यीस्टच्या पेशीला पटल (स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण) असतं. तेलाचं पाण्याशी जमत नाही, पण स्निग्धाशी लगेच जमतं. ते पटलात घुसतं, पटल सैल पडतं, आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि पेशी मरते.

"यीस्ट मेलेलं नव्हतं, तेलानेच मारलं त्याला! दोन्ही ताटल्यांत!"

"हा अंदाज आहे, पुरावा नाही," नेमके म्हणाला.

"मग दोन दिवस दे."

"वाफा उद्या उपटायचा आहे."

मी सरळ वाफ्यात जाऊन बसले. माणूस आत असताना यंत्राने वाफ्याला हात लावायचा नाही, हा नियम नेमकेच सगळ्यांना ऐकवत असतो. जेवायला आणि झोपायला मी उठले की आत्या बसायची. पात्यांनी पोटऱ्यांवर ओरखडे उठले, पण आम्ही हटलो नाही. या वेळी तेच यीस्ट नव्याने पेरून ताटल्या दोन वेगळ्या डब्यांत, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी आत्याने दोन्ही डबे वाफ्यातच आणून उघडले. तेल नसलेल्या ताटलीत साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे ठिपके! तेलाची ताटली स्वच्छ.

आत्याने लगेच हात पुढे केले. "लाव बाई आता."

"अजिबात नाही!" मी बाटली मागे लपवली. "नुसतं तेल कातडी भाजून काढेल. ताटली म्हणजे हात नव्हे. डॉक्टर आधी ते खूप पातळ करून तपासतील, मग बघू."

"म्हणजे उपाय सिद्ध झालेला नाही," नेमके म्हणाला.

"नाहीच झालेला. म्हणून तर वाफा हवाय!"

"आणि हातावर तेल हरलं तर?"

"तर हरलं, असं मीच वहीत लिहीन. पण तपासल्याशिवाय एक पातं उपटू देणार नाही."

नेमके वाफ्याच्या टोकाशी गेला. मग त्याने वाफ्याच्या पाण्याचा नळ सोडला.

"डॉक्टरांची तपासणी संपेपर्यंत पाणी मंजूर," तो म्हणाला. "आता बाहेर ये. तुझ्या बसण्याने सतरा रोपं मोडली आहेत."

आत्या हसत हसत मोडलेली पाती गोळा करायला वाकली. "टाकायची नाहीत हं," ती म्हणाली. "तपासणीचं तेल यांचंच काढू."