जुन्या गाडीचा पहारेकरी

सिग्नल हिरवा झाला, आणि माझ्या दुकानासमोर थांबलेली ती फिकट निळी जुनी गाडी हलायचं सोडून धूर ओकायला लागली. धूर मागच्या नळीतून नव्हे... आतून, स्टिअरिंगच्या पाठीमागून!

पाना उचलून मी धावले.

"हात लावू नका गाडीला!" आत बसलेला तरुण ओरडला.

"नाही लावत. जळू दे मग?"

त्यानं दार उघडलं. मी म्हटलं, बॉनेट उघडा. त्यानं इकडे चाचपडलं, तिकडे चाचपडलं... गाडी याची, आणि बॉनेट कुठून उघडतं हे यालाच ठाऊक नाही! शेवटी मीच दारातून हात घालून खालची कळ ओढली आणि बॅटरीची वायर सोडवली. धूर बसला. माझ्या मनातला मात्र तिथूनच उठला.

गाड्यांचं वायरिंग करते मी. गल्लीत मला फ्यूजताई म्हणतात — कामामुळे की स्वभावामुळे, ते मी विचारत नाही. संशय घ्यायची खोड मला लहानपणापासूनची. आई म्हणते, "हिला आरशातल्या स्वतःचाही भरवसा नाही."

गाडी ढकलत आत घेतली. डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि कपाळाला हात लावला. जुन्या पद्धतीच्या कापड गुंडाळलेल्या वायरी. बोट लागलं की भुगा. फ्यूजच्या जागी कुणा महाभागानं चॉकलेटची चांदी दाबून बसवलेली.

"वायरिंग सगळंच बदलावं लागेल," मी म्हटलं.

"सगळंच?" त्यानं भुवई उंचावली. "मी दातांचा डॉक्टर आहे. 'सगळेच काढावे लागतील' हे मीसुद्धा कुणाला इतक्या पटकन सांगत नाही."

"तुमच्या पेशंटच्या तोंडातून धूर येत नसेल."

तो हसला नाही. माझ्या भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "ठीक आहे. पण काम माझ्यासमोर व्हायला हवं. आणि गाडी इथं आहे, हे कुणाला सांगायचं नाही."

"गाडी तुमचीच ना?"

"घरची आहे," तो म्हणाला. माझीच आहे, असं नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दवाखाना बंद झाला की स्वारी हजर. स्टूल ओढून बसायचं आणि माझ्या हातांवर नजर ठेवायची. मी त्याचं नाव ठेवलं पहारेकरी. जुन्या वायरींचा अख्खा जुडगा मी अलगद बाहेर ओढला, उपटलेल्या झाडाच्या मुळांसारखा लांबलचक टेबलावर पसरला, आणि त्याच्या मापानं एकेक नवी वायर कापायला घेतली. हॉर्नची, दिव्यांची, इंडिकेटरची... प्रत्येकीच्या टोकाला चिठ्ठी.

"ही कशाची?" तो विचारायचा.

"चोर पकडायच्या भोंग्याची."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी थट्टा केली होती — पण अशा थट्टेनं साव माणूस कशाला उतरेल?

एकदा डॅशबोर्डच्या पाठीमागचा एक स्क्रू काही केल्या दिसेना. मी सीटवर उताणी, डोकं खाली, तोंडात टॉर्च. तेवढ्यात त्यानं खिशातून लांब दांडीचा चिमुकला गोल आरसा काढला — दात बघायचा — आणि वाकून आत धरला.

"दिसतंय?"

दिसत होतं. पण आरशात स्क्रू नव्हता, त्याचा डोळा होता... आणि तो डोळा माझ्याकडे बघत होता.

"आरसा... जरा डावीकडे," मी म्हटलं. टॉर्च तोंडात असल्यामुळे शब्द भलतेच उमटले. तो पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला. साबणाचा वास होता त्याच्या हातांना. मी स्क्रू फिरवला, तोही उलट्या बाजूला.

त्या दिवसापासून काम जरा हळूच चाललं, हे कबूल करते.

आणि मग तो फोन. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. तो पन्हाळीखाली उभा राहून दबक्या आवाजात बोलत होता. मी टायरमागे वाकलेली त्याला दिसले नाही.

"घरात कुणाला कळलेलं नाही... हो गं, गाडी झाली की थेट येतो. तू मागच्या जिन्यापाशी तयार राहा. बॅग लहानच घे... अगं, लग्न आहे तुझं, रडतेस काय!"

माझ्या हातातली पकड खाली पडली.

म्हणजे हे असं होतं तर! गाडी पळवलेली, आणि आता मुलगीही पळवायची. आणि मी मूर्खासारखी वेणी घालायला लागले होते, इतक्या वर्षांचा अंबाडा सोडून! रागारागात मी इंजिन सुरू करणारी वायर न जोडताच ठेवली. बाकी सगळे दिवे लखलखू देत. गाडी माझ्या हुकुमाशिवाय तसूभर हलणार नव्हती.

"आज बोलत नाही तुम्ही," तो म्हणाला.

"कामं असतात माणसाला. लग्नाबिग्नाची नसली तरी."

तो दचकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आला तो मला बॅटऱ्या पुरवणारा व्यापारी. आडव्या अंगाचा, गोड बोलणारा. गाडी दिसताच त्याचा गोडवा आटला.

"ही आमची गाडी! माझ्या मामेभावानं पळवली. तो दातवाला! हिला गिऱ्हाईक लागलंय, उद्या घेऊन जाणार होतं."

बघा, माझा संशय सोळा आणे खरा. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"गाडी तुमच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"आईच्या. एकच झालं ते."

"मग आईंना आणा. त्या म्हणतील त्याला देते."

"आईला काय कळतंय?" तो उसळला. "म्हातारपणी चळ लागलाय तिला. खोलीबाहेर सोडत नाही आम्ही हल्ली. माणसं आणून गाडी ओढून नेतो, बघाच तुम्ही. आणि यापुढे बॅटऱ्या दुसरीकडून घ्या!"

खोलीबाहेर सोडत नाही... हे वाक्य माझ्या कानात अडकलं. मी दुकानाचं शटर खाली ओढलं, कुलूप ठोकलं आणि तडक दवाखाना गाठला. एका पेशंटच्या तोंडात कापूस होता, तसाच राहिला.

"तुमचा आतेभाऊ येऊन गेला," मी म्हटलं. "आता खरं सांगा. लग्न कुणाचं?"

पहारेकरी भिंतीला टेकला. "आत्याचं."

आत्या वयाच्या सत्तरीत पोहायला शिकली होती. शिकवणारे मास्तर विधुर. पोहता पोहता जीव जडला. मुलांना ऐकूनच लाज वाटली. त्यांनी तिचा तलाव बंद केला, फोन काढून घेतला, आणि तिची तरुणपणापासूनची गाडी विकायला काढली. मोलकरणीच्या फोनवरून ती भाच्याशी बोलायची. तिचा हट्ट एकच — लग्नाला जाईन तर माझ्या गाडीतून जाईन.

"हे मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? तुमच्या भिंतीवर त्याच्याच दुकानाचं कॅलेंडर. मला वाटलं, तुम्ही त्याच्या ओळखीच्या. त्याला कळवाल, म्हणून तर रोज येऊन बसायचो."

म्हणजे मी त्याच्यावर नजर ठेवत होते, आणि तो माझ्यावर! मला हसू आलं, आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही.

"लग्न कधी आहे?"

"परवा. नोटिशीचा महिना कधीच भरलाय."

"आज करा," मी म्हटलं. "तो माणसं आणायला गेलाय. म्हणजे घरी नाही."

राहिलेली वायर मी जोडली, तोवर त्यानं मोलकरणीच्या फोनवर आत्याला आणि मग मास्तरांना कळवलं. चावी फिरवली... इंजिन खोकलं, थांबलं, आणि मग असं काही घुमलं, की माझ्याच अंगावर काटा आला. गाडी मी चालवली. मोलकरणीनं खोलीची कडी काढून दिली होती; मागच्या जिन्यापाशी आखूड पांढऱ्या केसांच्या आत्याबाई उभ्या, हातात इवलीशी बॅग.

"सरक गं पोरी," त्या म्हणाल्या, "माझी जागा आहे ती."

नोंदणी कचेरीत मास्तर आधीच येऊन घाम पुसत बसले होते. साक्षीदार म्हणून मास्तरांच्या एका मित्रानं आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. आत्याबाईंचा तो बॅटरीवाला मुलगा शोधत पोचला तेव्हा शिक्का बसून शाई वाळत होती. तो खूप ओरडला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग त्याच्या शर्टाची उलटी झालेली कॉलर सरळ केली. "राग गेला की घरी ये. पत्ता मास्तरांचा," एवढंच म्हणाल्या. तो खाली मान घालून निघून गेला.

आम्ही पायऱ्या उतरतो न उतरतो तोच हॉर्न वाजला. मास्तर शेजारी, आत्याबाई स्टिअरिंगवर, आणि गाडी निघालीसुद्धा! उजवा इंडिकेटर टकटक करत वळली आणि दिसेनाशी झाली.

"अहो, आपण राहिलो की!" मी ओरडले.

"राहिलो खरं," तो म्हणाला. फार काही दचकला नाही. "चालत जाऊ. मला घाई नाही. दवाखाना संध्याकाळपर्यंत बंद आहे. पाटी लावून आलोय."

मी थबकले. "पाटी कधी लावलीत? मी तर तुम्हाला हात धरून ओढत आणलं होतं."

"आत्याला आणायला निघालो, तेव्हा... वाटेत एक मिनिट उतरलो होतो ना."

"आणि आत्याबाई आपल्याला इथं सोडून जाणार, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

तो बूट बघत राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आजवर घेतलेल्या हजार संशयांपैकी हा एक तरी खरा ठरावा, असं मला जिवापासून वाटलं.

"बोला ना," मी म्हटलं.

"मीच सांगितलं होतं तिला," तो पुटपुटला. "म्हटलं, तुमच्यासोबत चालायला लांबचा रस्ता हवाय... आणि तुम्ही गाडीत असलात की फक्त वायरींकडे बघता."

मी त्याचा हात धरला, आणि दुकानाकडे जाणारी जवळची गल्ली तशीच मागे टाकली.