बिनसाखरेचा चहा

श्यामकांत परांजप्यांच्या लेखी माणसांच्या दोनच जाती होत्या. भटकणारे आणि बसून राहणारे. दुसऱ्या जातीबद्दल त्यांना मनापासून तुच्छता वाटे, आणि तिचा अस्सल नमुना त्यांच्या घरातच होता. त्यांची बायको हेमलता. दिल्लीतल्या मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, हातात सदानकदा विणकाम.

सोसायटीतल्या इतर मराठी मंडळींचीही त्यांना कीवच यायची. सरकारी सवलतीत मसुरी गाठायची, वाटेत दशम्यांचे डबे फस्त करायचे आणि वर्षभर फोटो दाखवत सुटायचं. याला प्रवास म्हटलं, तर घाण्याचा बैलही मोठा प्रवासीच.

श्यामकांतांची तऱ्हा निराळी. आठवडाभर कचेरीत फायली उपसायच्या आणि रविवारी जेवण झालं की जी पहिली बस येईल तिच्यात चढायचं. पाटी वाचायची नाही, वाट विचारायची नाही, मन म्हणेल तिथे उतरायचं. आपण कुठे आहोत हे जगात कुणालाच ठाऊक नाही, या विचारानेच त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत. अख्ख्या आयुष्यात तेवढे काही तास फक्त त्यांचे होते. लग्नानंतर हेमलताबाईंनी एकदा बरोबर येऊ का विचारलं होतं. तुला मार्केटपर्यंतच झेपतं, असं सांगून ते निघाले. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. आता तर गुडघ्यांमुळे त्या जिनाही उतरत नसत.

त्या जानेवारीत धुकं भर दुपारीही हटेना. श्यामकांत हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर उतरले आणि रिजच्या टेकडीवरल्या झाडीतली पायवाट धरली. ओल्या पाचोळ्याचा वास येत होता. पुढे कुणीतरी चालत होतं, एक पाऊल टाकून दुसरं ओढत. ते थांबले की पुढची चाहूलही थांबे. माकड असेल, म्हणून ते स्वतःलाच हसले.

झाडी संपली तिथे चहाची टपरी होती. चहावाल्याने न विचारताच ग्लास पुढे केला. आलं घातलेला, बिनसाखरेचा. नेमका त्यांना लागतो तसा.

"माताजी बोलकर गईं," तो म्हणाला. "साहब आएँगे, फीकी देना. अभी तो उठीं... यहीं बैठी बुन रही थीं."

बाकड्यावर हिरव्या लोकरीचा तुकडा पडला होता.

ते चहा तसाच टाकून घरी आले. हेमलताबाई खिडकीपाशीच होत्या, आणि शेजारच्या वृंदाबाई म्हणे दुपारभर त्यांच्याशी गप्पा मारत बसलेल्या. हातातला हिरवा स्वेटर बाहीपर्यंत आला होता.

"आज भटकून आलात वाटतं बाईसाहेब?" त्यांनी खोचकपणे विचारलं.

"मी? मला मार्केटपर्यंतच झेपतं."

पुढच्या रविवारी ते इरेला पेटले. तीन बस बदलल्या, भलत्याच ठिकाणी उतरले. ते मानेसर निघालं. सुट्टीमुळे कारखाने बंद, रस्ता ओस. लांबलचक भिंतीच्या टोकाला एकच टपरी, आणि तिथला माणूस चहा गाळतच होता.

"आपकी ही है," तो हळूच म्हणाला. "अदरकवाली... फीकी."

"कौन बोला?"

त्याने धुक्याकडे बोट केलं. आत कुठेतरी एक पाऊल पडलं, दुसरं ओढलं गेलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा श्यामकांतांनी रस्त्यात माणूस गाठून घरची वाट विचारली.

तिसऱ्या रविवारी जेवण झाल्यावर ते रजई ओढून पडून राहिले. डोकं दुखतंय, आज जात नाही, म्हणाले. हेमलताबाई पाय स्टुलावर ठेवून आपल्या लोकरीच्या मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून उपटत होत्या आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवत होत्या. मोज्यांचे तळवे ओल्या मातीने माखले होते.

"निघा की, अहो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चहा सांगून ठेवलाय मी... गार होईल."