खालच्या गल्लीतली हाळी

सिदू, तो मोबाईल पालथा ठेव आधी. उजेडात तुझं तोंड दिसतंय मला, आन् मंग हसू येतंय. हां... आता बरं हाय.

तर सटवा, उद्या तुमी पोरं त्या धरनाकाठच्या कसब्यात जानार म्हनं? संध्याकाळची फेरी मारनार, व्हिडिओ काढनार? जा की. मी कोन अडवनारा. पन एवढं ऐका आन् मंग जा. ही काय ऐकीव गोष्ट न्हाई. माझी क्रूझर तिथं वेशीत उभी व्हती, आन् ज्याची गोष्ट सांगतोय तो गहिनीनाथ माझ्या ताटात जेवलेला मानूस व्हता. मधी कुनी खी खी करायचं न्हाई. भारत, तुलाच म्हनतोय बे.

गहिनीनाथ धनगराचा. बाप मेला, चारा महाग झाला, मंग त्यानं मेंढरं इकली आन् मानसं वळायला लागला. खरंच! त्या कसब्याचा निम्मा भाग धरनात गेलेला, निम्मा वर टेकाडावर अजून उभा हाय. वेस हाय, गढी हाय, पायऱ्यांची बारव हाय, महादेवाचं देऊळ आन् त्याला लागून पिराचा दर्गा. गुडघे दुखनाऱ्या मानसालाबी जमंल अशी सोपी फेरी त्यानं बसवलेली. शेरातले लोक यायचे, तो मस्त रंगवून सांगायचा. खांद्यावर बापाचं घोंगडं, हातात काठी, आन् चालायचा कायम सगळ्यांच्या माघं. मी म्हनायचो, "आरं गाईड म्होरं असतो." तो म्हनायचा, "मामा, म्होरं चाललं तर माघं काय सुटलं ते कसं कळंल?"

आन् कुठलीबी जागा सोडताना तो एक हाळी द्यायचा. मेंढक्याची सवय. "या ऽऽऽ या ऽऽ, माघं कुनी ऱ्हाऊ नका ऽऽ!" लोकांना लई गंमत वाटायची त्याची. पन खालच्या गल्लीत मात्र तो हाळी देत नव्हता. बिलकूल न्हाई.

खालची गल्ली म्हनजे धरनात गेलेली. पानी आटलं की उन्हाळ्यात उघडी पडती. घरांची जोती, दगडी उंबरे, कुठं फुटकं जातं. आता तिथं हाळी कावून द्यायची न्हाई, ते सांगतो. धरनाचं पानी यायला लागलं तवा गाव हालवलं. देव हालवले, भांडीकुंडी हालवली. पन घरात जी मानसं मरून गेलेली असत्यात, त्यांचं काय? तर त्या कसब्यात असं ठरलं की घरातल्या वडीलधाऱ्यानं उंबऱ्यावर उभं ऱ्हायाचं, चुलीतली चिमूटभर राख पदरात न्हाईतर धोतरात बांधायची, आन् आपल्या गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, "चला, गाव हाललं." म्हातारी मानसं रडत व्हती म्हनं, पन हाका मारत व्हती. कुनालाच पान्यात सोडलं न्हाई.

येक घर सोडून. रतनबाईचं. रांडमुंड बाई, येकच लेक, ती बारवंत पडून गेली. रतनबाई त्याच वर्षी ऊसतोडीला गेली ती माघारी आलीच न्हाई. तिच्या उंबऱ्यावर उभं ऱ्हायाला कुनी नव्हतं. शेजाऱ्यांनी हाक मारावी म्हनलं, तर पोरीचं नाव कुनाच्या ध्यानात येईना. लहान व्हती, सगळे नुसतं "बाई" म्हनायचे. मंग काय, ती तिथंच. तवापासून खालच्या गल्लीत कुनाला हाक मारायची न्हाई, ही रीत. गहिनीनाथ स्वतः येनाऱ्या लोकांना हे सांगायचा, हात जोडून सांगायचा.

मतदानाच्या आधीचा बुधवार, चैत्राची अवस. दोन हजार चोवीस साल. परळीच्या कॉलनीतली रिटायर्ड मंडळी मला म्हनली, ऊन लई हाय, दिवस कलल्यावर फेरी करू. मला काय, गाडीचं भाडं मिळाल्याशी मतलब. घेऊन गेलो. उन्हाळ्याची सुट्टी, म्हनून गहिनीनाथानं आपली लेक संगं आनलेली. आरोही. सात वर्साची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला म्हनली, "मामा, तुमच्या गाडीला एसी कावून न्हाई?" म्हनलं, "तुझ्या लग्नाच्या वरातीला बसवू." लाजली आन् पप्पाच्या घोंगड्यात तोंड खुपसलं. त्या मानसाचा जीव व्हता पोरीत. तिच्या आधीची दोन पोटातच गेलेली. त्याला न् मोहिनीला, त्याच्या बायकोला, ही येवढी येकच.

मंडळी खाली गेली. मी वेशीत गाडीजवळ. दिवस बुडाला. जरा येळानं मंडळीतल्या येक बाई धापा टाकत दुसऱ्या वाटंनं वर आल्या, गुडघा धरला व्हता त्यांचा. संगं आरोही. शिंपले भरलेला फ्रॉक. बाई म्हनल्या, पोरीला मीच घेऊन आले, सोबत म्हनून. पप्पाला सांगितलं का, इचारलं, तर म्हनल्या तो जात्याचं काहीतरी दाखवत होता. बरं म्हनलं. पोरीला म्होरच्या सीटवर बसवलं, बिस्कीटचा पुडा दिला. अंधार पडला व्हता.

आन् खालून हाळी आली.

"या ऽऽऽ या ऽऽ... माघं कुनी ऱ्हाऊ नका ऽऽ!"

खालच्या गल्लीतून! ती रीत मलाबी ठावं व्हती की. आरोही बिस्कीट खाता खाता म्हनली, "पप्पा मला बोलावत्यात." मी म्हनलं, "येत्यात, बस तू."

मंडळी वर आली. हसत, बोलत, पानी पीत. सगळ्यांच्या माघं गहिनीनाथ. पायऱ्या चढत व्हता... हळू. येका बाजूला वाकून. उजव्या हाताचं बोट असं खाली धरलेलं, लहान लेकराला धरायला देतो तसं. आन् बोलत व्हता. "दम गं... पायरी हाय... आता हे आलं बघ..."

बोटाला कुनी नव्हतं.

मी गाडीचे लाईट लावले. आरोहीनं दारातून उडी मारली. "पप्पा! मी हितं हाय!"

तो थांबला. पोरीकडं बघितलं. मंग आपल्या हाताकडं. त्यानं हात उजेडात धरला.

बोट ओलं व्हतं. चैत्राच्या उन्हाळ्यात. पानी थेंब थेंब गळत व्हतं.

गाडीत बसताना मला हळूच म्हनला, "मामा, पोरगी दिसंना. काळजाचं पानी झालं. हाक मारायची न्हाई ते ध्यानात व्हतं, नाव न्हाईच घेतलं. नुसती हाळी दिली. हाळीत नाव कुठं असतं?" आरं, त्येच तर! नाव घेतलं असतं तर येकटी आरोही आली असती. जिला नावच उरलं न्हाई तिला त्यानं अख्ख्या गल्लीला मारतात तशी हाक मारली. इतक्या वर्सांत पहिल्यांदा कुनीतरी तिला बोलावलं. ती न्हाई येनार व्हय?

तिथंच कुनाला सांगितलं असतं तर गल्ली कोरडी व्हती, उपाय व्हता. पन सांगतो कशाला? बोभाटा झाला की लोक यायचे बंद, आन् घरची चूल फेरीवरच. घरी मोहिनीलाबी बोलला न्हाई. जून गेला, श्रावन आला, धरन भरत आलं. आन् आरोही वाळायला लागली. ताप न्हाई, खोकला न्हाई. दिवा लावायच्या येळंला दारात जाऊन उभी ऱ्हायची. मोहिनीनं इचारलं तर म्हनायची, "ती बाहीर भिजत उभी हाय. पप्पानं बोलावलं, आन् आता घरात कावून घेईनात, म्हनती."

तवा गहिनीनाथाच्या आईनं, इमलबाईनं, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. म्हातारीनं कपाळावर हात मारला. म्हनली, "बोलावलेल्याला घरात घ्यावं लागतं, न्हाईतर त्याच्या उंबऱ्यावर पोचवावं लागतं. तिसरी वाट न्हाई. आन् घरात घ्यायचं म्हनजे घरातल्या लेकराची जागा द्यायची." मोहिनीनं लेकीला पोटाशी धरलं. उंबरा तर पान्याखाली गेलेला.

मला फोन आला सर्वपित्री अवशीला. दोन ऑक्टोबर, तोबी बुधवारच. "मामा, गाडी घेऊन या. नुसता उजेड धरा पान्यावर." मी गेलो. तुमी म्हनाल अडवलं का न्हाई. अडवलं. शिव्या दिल्या, गचुरं धरलं. तो म्हनला, "छातीइतकं पानी असंल तिथं. मला पवता येतंय. उंबऱ्यापस्तोर पोचवतो आन् येतो. मामा, पोरगी आता भाकरीबी गिळंना..." मी गचुरं सोडलं. त्यानं घोंगडं काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. घडी घालून.

मी लाईट लावले. तो पान्याकडं तोंड करून उभा ऱ्हायला. उजव्या हाताचं बोट खाली धरलं. जरा येळ वाट बघितली...

मंग बोट मुडपलं. कुनीतरी धरल्यावर मुडपतं तसं.

"चल बाई," तो म्हनला. लई मायेनं म्हनला रे. "चल, तुझं घर दाखवतो."

पानी गुडघ्याला. मांडीला. कंबरंला. तो वाकूनच चालला व्हता, हात पान्यात. बोलत व्हता काहीतरी, ऐकू येत न्हवतं. छातीला. ... थांबला. पायानं चाचपलं. उंबरा घावला असावा. हात उचलून त्यानं बोट सोडवून घेतल्यासारखं केलं. झालं! मला वाटलं, झालं, सुटला!

आन् माघून पळतानाचा आवाज. मोहिनी. कडंवर आरोही. घरात चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई, नवरा न्हाई, तिनं काय समजायचं ते समजली आन् पळत आली. पोरीनं पान्यात बाप बघितला. नुसतं डोकं न् खांदे दिसत व्हते त्याचे. मी पुढं झालो तिचं तोंड दाबायला. पोचलो न्हाई.

"या ऽऽऽ या ऽऽ पप्पा ऽऽ... माघं कुनी ऱ्हाऊ नका ऽऽ!"

बापाचीच हाळी. तशीच. बारक्या गळ्यातून.

तो वळला. उजेडात तोंड दिसलं मला. भीती न्हवती रे त्यात. पार हरलेलं तोंड. दोनी हात वर करून तो पोरीला न्हाई, न्हाई करत व्हता. बोलवू नको... बोलवू नको...

मंग खाली गेला. कुनीतरी पाय वढल्यासारखा न्हाई. पायाखालची पायरी सुटल्यासारखा.

मी उडी घेतली. लोक आले, टायरट्यूब आली. काय न्हाई. पान्यावर बुडबुडाबी न्हाई.

आन् मी कंबरंइतक्या पान्यात उभा असताना... माझ्या बाजूनं पानी हाललं. लहानशी लाट. खालच्या गल्लीकडून काठाकडं. बारकं लेकरू चालत यावं इतकीशी.

काठावर आरोहीचं रडनं बंद झालं. येकदम.

तिनं हात खाली केला. बोट पुढं धरलं.

दुसऱ्या दिशी मासेमारांना गहिनीनाथ घावला. रतनबाईच्या जोत्यावरच. इमलबाई त्याच महिन्यात गेली. जाताना म्हनली, बापानं पोचवलं आन् लेकीनं माघारी बोलावलं, आता पोचवायचं कुनी? ज्यानं बोलावलं त्यानंच पोचवावं लागतं. म्हनजे त्या लेकरानं. कोन जाऊ देईल लेकराला पान्यात? मोहिनी तर तिला आंघोळीलाबी येकटी सोडत न्हाई. घरात तर त्यांनी घेतलेलं न्हाई, पन उंबऱ्याबाहीर ठेवताबी येत न्हाई. पोरगी जिथं जाईल तिथं संगंच हाय ती.

आता तुमी इचारनार, आरोही हाय का. हाय. शाळंत जाती. भाकरी खाती, पुस्तक वाचती. पहिल्यासारखी बडबडत न्हाई येवढंच. मागच्या पंधरवड्यात मी गेलतो, गहिनीनाथाचं घोंगडं द्यायला. इतके दिवस गाडीतच पडलं व्हतं, दिलं न्हाई, द्यायला तोंडच न्हवतं. पोरीनं मला डाव्या हातानं चहा आनून दिला. उजवं बोट बाजूला धरलेलं, चिंधीत गुंडाळलेलं. बीडला दाखवलं, संभाजीनगरला मोठ्या डाक्टरला दाखवलं. हाड बरूबर, कातडं बरूबर. नुसतं सुरकुतलेलं असतं कायम, लई येळ पान्यात ऱ्हायल्यावर व्हतं तसं.

मी चहा ठेवला. मोहिनीनं लेकीच्या बोटाची चिंधी सोडली, कोरडी बांधली. रोजचंच काम असल्यासारखी दारात गेली, आन् सोडलेली चिंधी पिळली.

लई येळ पिळत व्हती. खाली शेनानं सारवलेल्या अंगनात पानी पडलं, आन् त्यात खालच्या गल्लीतला काळा गाळ व्हता.