आधीचा श्वास

देऊळगाव राजाजवळच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये वादनाचा कार्यक्रम करायचा, ही कल्पना समीक्षाची. तिच्या पुण्याच्या तिघा सोबत्यांना ती गंमत वाटली. तिला मात्र घाई होती. तिच्या बापाने, कडूबाने, उभा जन्म याच शेडमध्ये सरकी काढणाऱ्या यंत्रावर घालवला होता. रुईची धूळ छातीत बसली होती आणि डॉक्टरांनी आता हात टेकले होते. लेक चेलो वाजवते म्हणजे नेमकं काय करते, हे त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हिओला आणि समीक्षाचा गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा चेलो. ओळखीची चाल नाही, ठेका नाही, नुसते लांबवलेले सूर. समोर हातवारे करणारा कुणी नसतो. म्होरक्या प्रसेनजित नाकाने जोरात श्वास घेतो, त्यावर चौघं सुरू करतात. तो सोडतो, त्यावर थांबतात. इतकी वर्षं हेच केल्यावर हात डोक्याला विचारत नाही.

सकाळच्या तालमीत सुरुवात इतकी चोख झाली की समीक्षा खूश झाली. प्रसेनजितने मात्र व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"मी श्वास घेतला नव्हता."

"घेतलास की," व्हिओला वाजवणारी मयुरी म्हणाली. "आम्ही ऐकला."

"मी अजून गज टेकवत होतो."

शेड घुमते, पत्रे उन्हाने तडकतात, असं काहीबाही बोलून त्यांनी वेळ मारून नेली. पुढच्या खेपेला प्रसेनजितने मुद्दाम श्वास रोखून धरला. तरीही श्वास आलाच. ओलसर, घरघरणारा, कोपऱ्यात कुजत पडलेल्या रुईच्या ढिगाकडून. चौघांचे गज एकदम तारेवर पडले. प्रसेनजितचासुद्धा.

मयुरी सामान आवरायला लागली. समीक्षाने अक्षरशः हात जोडले, तेव्हा कुठे ती थांबली.

दुपारी माणसं जमली. समीक्षाच्या आईने, मंजुळाबाईने, नवऱ्याला ऑटोतून आणलं आणि पुढच्या खुर्चीवर बसवलं. चार पावलांत त्याला धाप लागली होती.

"तुमच्या मांगं, रुईपाशी, कोन बसलं हाय?" त्याने लेकीला विचारलं.

"कोणी नाही, बाबा."

"हाय ना," तो म्हणाला आणि ओळखीच्या माणसाकडे पाहून हलवतात तशी त्याने मान हलवली.

श्वास आला. चौघांनी सुरू केलं.

"हे वाजवून राह्यले का अजून जुळवूनच राह्यले बे?" मागे कुणीतरी कुजबुजलं. चारजण हसले. शेवटाकडे तिघं ठरल्याप्रमाणे थांबत गेले आणि एकटा चेलो उरला. समीक्षाने बापाकडे पाहिलं.

घरघर बंद झाली होती. ती गज बाहेर ओढायची तेव्हा त्याची छाती भरायची. आत आणायची तेव्हा रिकामी व्हायची. कित्येक महिन्यांत त्याने इतका सुखाने श्वास घेतला नव्हता. तिला रडू आलं, आनंदाचंच.

मग गज वळवताना तिचा हात क्षणभर अडला.

कडूबाची छातीही अडली. ओठ काळेनिळे पडले.

तिने घाईने गज ओढला. छाती भरली.

त्या अडण्याने लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या झाल्या. खुर्च्या सरकल्या, माणसं चहाला बाहेर गेली.

"समीक्षा, बस झालं," प्रसेनजित म्हणाला.

ती थांबली नाही. खांदा भरून आला होता, बोटं सुन्न पडली होती.

"काऊन करून राह्यली वं असं?" मंजुळाबाई घाबरली. "पुरे कर."

"वाजवू दे तिले," कडूबा म्हणाला. वाक्य एका दमात पूर्ण झालं. "मले बरं वाटून राह्यलं."

ती वाजवत राहिली. रात्रभर वाजवीन, तिने ठरवलं. उद्याही.

तेवढ्यात रुईच्या ढिगाकडून कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

समीक्षाने गज मुठीत आवळून धरला. तरीही तो तारेवरून उचलला गेला, अगदी वेळेवर.