आबांची जीप आणि तिचे तीन डॉक्टर

आबांच्या बंद पडलेल्या जीपला बरं करणारे तिघं होते, आणि तिघंही खरंच बोलत होते. शाल्मलीचा गोंधळ उडाला तो त्यामुळेच. एखादा खोटं बोलत असता तर काम सोपं झालं असतं.

जुन्नरच्या रस्त्यांवर तोवर सगळ्या गाड्या विजेच्या झाल्या होत्या. पेट्रोलवर चालणारी उरली होती ती आबांची हिरवी जीप. आबा म्हणजे शाल्मलीच्या आईचे वडील, निवृत्त हवामानशास्त्रज्ञ. उद्या सकाळी जीपची परीक्षा होती. मैदानाभोवती अर्धा तास न थांबता धावली, तर तिला रस्त्यावर राहायची परवानगी. नाहीतर भंगारयंत्राच्या जबड्यात जाऊन तिचा पत्र्याचा ठोकळा. आबा त्याबद्दल एक अक्षरही बोलत नव्हते. पण चहात साखर घालायची विसरून "मस्त गोड झालाय" म्हणत होते, त्यावरून काय ते समजावं.

जीप सुरू व्हायची झोकात. पाव तास पळायची. मग गचके, मग ठसका, मग गप्प.

पहिल्यांदा ती थांबली चार्जिंग केंद्रासमोर. केंद्र चालवणारे मुरारीकाका बाह्या सरसावून धावले. म्हणाले, "कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारं भांडं) पान्यानं एक टोला द्यायचा." दिला. जीप सुरू! "हाताला गुण असावा लागतो," काका म्हणाले, आणि गर्दीकडे पाहत राहिले.

पाव तासानं आबांच्या दारातच पुन्हा तेच. इंदूआजी, म्हणजे आबांची थोरली बहीण, बाहेर आली. "दृष्ट लागलीय बाळ्या, दुसरं काही नाही." तिनं लिंबू-मिरची बांधली. जीप सुरू!

तिसऱ्यांदा नगरपालिकेचा यंत्रमानव आला. नाव पारखी. त्यानं बॅटरीची तार काढून परत लावली. जीप सुरू! "दोष तारेत होता. खात्री नव्व्याण्णव टक्के," पारखी म्हणाला. पाव तासाची फेरी मारून कोपऱ्यावर वळताच जीप थांबली. "दोष तारेत नव्हता," पारखी म्हणाला. "खात्री नव्व्याण्णव टक्के."

"आबा, औषधं तीन, तिन्ही लागू पडतात, आणि आजार जात नाही. असं कसं?"

"माझंही डोकं चालेनासं झालंय," आबा पुटपुटले. "जीपसारखंच."

शाल्मलीनं तिघांनाही अंगणात बोलावलं. "तुम्ही काय काय केलंत, ते करून दाखवा. अगदी आल्यापासून."

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?" मुरारीकाकांनी भुवया चढवल्या.

"आहे ना काका. म्हणून तर पुन्हा बघायचंय."

माणसाची गंमत अशी, की आपण शेवटी काय केलं तेवढंच तो गावभर सांगतो. सुरुवातीला सहज काय केलं ते त्याच्या ध्यानातच राहत नाही. काका आले, आणि आधी त्यांनी टाकीचं झाकण उघडून खोल श्वास घेतला. "अहाहा! लहानपणीचा वास!" मग पाना काढला. इंदूआजी आली. "पेट्रोल तरी आहे का रे? काटा तर कधीचा मेलाय." तिनंही झाकण उघडून आत डोकावलं; लिंबू नंतर. पारखीनं झाकण उघडून पेट्रोलची पातळी मोजली, तार नंतर.

शाल्मली ताडकन उठली. "झाकण! तिघांनीही झाकण उघडलं!"

"मग? झाकण उघडणं हे काय औषध आहे?" काका हसले.

"माहीत नाही. करून बघू."

आबांनी जीप फिरवून आणली, ती फाटकात बंद पडली. आता शाल्मलीची अट होती: झाकणाला कुणी हात लावायचा नाही. काकांनी टोला दिला. दोन दिले. आजीनं नवं लिंबू बांधलं. पारखीनं तार लावली. जीप ढिम्म! तिघं एकमेकांकडे असे पाहू लागले, जणू दुसऱ्यानंच आपला गुण चोरला. मग शाल्मलीनं फक्त झाकण फिरवलं.

फुस्स!

तो आवाज प्रत्येक वेळी झाला असणार. पण प्रत्येक वेळी कुणी ना कुणी बोलत होतं. पहिल्याच झटक्यात जीप सुरू झाली.

आबांनी कपाळावर हात मारला. "इंदूताई, तेलाच्या डब्याला तू भोकं किती पाडतेस?"

"दोन. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर धार धरत नाही. हे काय विचारणं झालं?"

"तेच झालंय! टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तशी आतली जागा वाढते. तिथे बाहेरून हवा शिरली नाही, तर आतली हवा विरळ होते, आतला वायुदाब (हवेचा सगळ्या बाजूंनी पडणारा भार) घटतो. मग पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. इंजिन उपाशी! झाकण उघडलं की हवा आत, पेट्रोल बाहेर. म्हणून झाकणाला बारीक भोक असतं."

शाल्मलीनं झाकण उलटंपालटं केलं. "कुठंय?"

आबा गोरेमोरे झाले. परीक्षेसाठी जीप सजवताना त्यांनीच गंजाचं छिद्र समजून त्यात लांबी (पत्र्याची भोकं बुजवायचा लगदा) भरली होती, वर हिरवा रंग दिला होता.

"जन्मभर हवेचा दाब मोजलात, आबा!" काकांना हसू आवरेना.

"आकाशातला मोजला," आबा म्हणाले. "टाकीत कोण बघतो?"

शाल्मलीनं सुईनं भोक मोकळं केलं. "झाकण सैल ठेवलं असतं तरी चाललं असतं," काका म्हणाले. "आणि पेट्रोल सांडून भडका उडाला असता," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर जीप धावत राहिली. पाव तास झाला तेव्हा आबांनी चाक घट्ट धरलं. गचका नाही. ठसका नाही. अर्धा तास संपल्याची शिट्टी झाली, तरी आबा एक फेरी जास्तच मारून आले.

तेवढ्यात परीक्षेसाठी दुसऱ्या गावाहून आलेली एक म्हातारी तीनचाकी आचके देत बंद पडली. तिच्याकडे दहाजण धावले. कुणी लाथ उगारली, कुणी पाणी आणलं. शाल्मली मध्ये उभी राहिली. "थांबा! एका वेळी एकानंच, आणि एकच गोष्ट!"

पारखीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"दोष कशात आहे, मला माहीत नाही," तो म्हणाला. "खात्री शंभर टक्के. शाल्मली, सुरुवात कुठून करायची?"